मागून येणारा होकार

कर्जत, २० नोव्हेंबर १९७९

प्रिय विमलमावशीला हिरूचा नमस्कार, आणि सफुराचा सलाम.

सफुरा म्हणजे माझ्या खोलीतली, खालापूरची. तुझं पत्र आलं की माझ्याआधी तीच वाचून काढते, म्हणून तिचा सलाम विसरायची सोय नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून अध्यापक विद्यालयात परतले. हॉस्टेल तेच, भाताच्या जुन्या गोदामातलं. अंथरुणालासुद्धा कोंड्याचा वास येतो आणि उंदीर आमच्यापेक्षा आधी परीक्षा पास होतील असं दिसतं. सरावपाठ सुरू झालेत. मला तिसरीचा वर्ग दिलाय.

एक गंमत सांगते, हसू नकोस. संध्याकाळी प्रार्थना झाली की रेक्टरबाई हजेरी घेतात. परवा त्यांनी माझं नाव घेतलं आणि मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी 'हजर' म्हणालं. माझ्याच आवाजात आणि माझ्या मागून. मी शेवटच्या रांगेत बसते, मागे नुसती भिंत आहे. सफुराला वाटलं मीच बोलले. मग मलाही तसंच वाटायला लागलं. पण काल पुन्हा तेच झालं, आणि काल मी मुद्दाम दातांत पदर धरून बसले होते.

बाकी ठीक. साखरपुडा झाल्यापासून रेक्टरबाई गजाननरावांना भेटू देतात. रविवारी ते आले होते. पळसदरीला धरण बघायला गेलो. पाणी पुष्कळ होतं. परत आलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मला भूक लागत नाही. तुझ्या दवाखान्यात त्यावर काही असेल तर पाठव.

तुझी
हिरू

*

मोहोपाडा, २७ नोव्हेंबर १९७९

चि. हिरू,

सफुराला सलाम पोचल्याचं सांग. आणि तिला म्हणावं, दुसऱ्याची पत्रं वाचायचीच तर उत्तरंही तूच लिहीत जा.

पोरी, तुझ्या दुखण्याला आमच्या दवाखान्यात औषध नाही. ते अक्षय्यतृतीयेला मांडवात मिळेल. साखरपुडा झालेल्या मुलीचं चित्त कधी जागेवर असतं का? 'हजर' म्हणालीस आणि म्हटल्याचं विसरलीस, एवढंच ते. तरी लोहाच्या गोळ्या पाठवते. जेवणानंतर घे, आणि त्यासाठी आधी जेव.

तुझा गजानन परवा आला होता. कारखान्यात बोटाला काहीतरी लागलं म्हणून पट्टी करून घेतली. चेहऱ्यावर नुसतं चांदणं. म्हणाला, 'मावशी, हिरू आता काय परकी ऱ्हायली नाय.' मला बरं वाटलं. हे स्थळ मीच काढलं, त्यामुळे माझा जीव जरा जास्तच त्यात आहे. तुझी आई तेव्हा म्हणत होती की कारखान्यातला मुलगा देवाधर्माचा नसतो. आता तीच जावयाचं कौतुक करत गावभर फिरते.

भावोजी येत्या सोमवारी बहिरीच्या देवळात लग्नाचा कौल लावणार आहेत. देव नाही कशाला म्हणेल?

तुझी
विमलमावशी

*

कर्जत, १५ डिसेंबर १९७९

प्रिय मावशी,

सफुराचा सलाम. गोळ्या मिळाल्या. घेते आहे. त्यांचा उपयोग नाही, कारण हा विसरभोळेपणा नाही.

ते आता फक्त हजेरीला येत नाही. कुणी मला काही विचारलं की माझ्याआधी 'हो' येतं. स्वयंपाकीणबाईंनी विचारलं, भात वाढू? हो. बाजूच्या खोलीतल्या मुलीने विचारलं, तुझी साडी नेसू? हो. मी नको म्हणायला तोंड उघडते तोवर भात पानात पडलेला असतो आणि साडी गेलेली असते. आवाज माझाच आहे, पण जरा गोड. पाहुण्यांसमोर आपण काढतो तसला.

तू म्हणशील, भास आहे. मी परवा तिसरीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते. एका पोराने विचारलं, 'बाई, पानी पियाला जाऊ?' मी शब्द लिहीत होते, बोलले नाही. पोरगं उठून गेलं. मग पहिल्या बाकावरची एक चिमुरडी मला म्हणाली, 'बाई, तुमच्या पाठीमागं कोन बोलतंय?' माझ्या पाठीमागे फळा होता. बाकीची पोरं हसली. ती हसली नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

गेल्या रविवारी गजाननराव पुन्हा आले. शिपाई मंगळ्याने फाटकाशी विचारलं, 'ताई, भायेर जाताव काय?' मला जायचं नव्हतं. 'हो' आलं. त्याने फाटक उघडलं आणि मी चालायला लागले. पाय माझे होते, चाल माझी नव्हती. स्टेशनच्या वळणावर सफुरा धावत आली, 'माझं डोकं फार दुखतंय, हिरू, चल,' म्हणाली आणि मला ओढून परत घेऊन आली. तिचं डोकं दुखत नव्हतं. मी तिला काही सांगितलेलं नाही. तिने विचारलंही नाही, पण तेव्हापासून ती माझ्या पाठीशी पाठ लावून बसते.

मावशी, लग्न पुढे ढकलता येईल का? कारण विचारू नकोस.

हिरू

*

मोहोपाडा, २४ डिसेंबर १९७९

चि. हिरू,

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले होते. देवाने कौल दिलाय, उजवी कळी पडलीय, मांडववाल्याला सुपारी गेलीय आणि मुलगी म्हणते ढकला. त्याच तिरमिरीत मी गावी जाऊन आले. तुझ्या आईला आवाजाचं सांगितलं आणि चूक केली. तिने पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, 'पान्यावर गेली व्हती ना पोर, तितं कायतरी लागलं तिला. भगताकडं न्यावी.' आता लिंबं आणि काळा कोंबडा शोधणं चाललं आहे.

हे सगळं तुला ऐकवायचं म्हणून काल कागद घेऊन बसले होते. तेवढ्यात गजानन पट्टी बदलायला आला. मी सहज विचारलं, हिरूची तब्येत कशी वाटली रे तुला? हिरू, मी एवढंच विचारलं होतं. तो म्हणाला, 'मावशी, मी काय जबरदस्ती नाय केली. ती सोता हो म्हनली व्हती.'

जबरदस्तीचं नाव मी काढलं नव्हतं. माझ्या मनातही ते नव्हतं. पट्टी बांधता बांधता माझा हात थांबला आणि तो खाली बघायला लागला.

म्हणून कालचा कागद फाडला. पळसदरीला काय झालं? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस असं मी एरवी म्हटलं असतं. आज म्हणत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, जेवढं वाटेल तेवढंच सांग. नाही सांगितलंस तरी मी तुझीच मावशी आहे, त्याची नाही.

विमलमावशी

*

कर्जत, २ जानेवारी १९८०

मावशी,

हे पत्र मी सफुराला वाचू दिलेलं नाही, म्हणून आज तिचा सलाम नाही. ती समोर बसून माझ्या साडीला काठ लावते आहे. तू इथेच बस, एवढंच मी तिला म्हटलं.

दिवस कलला होता. धरणाच्या भिंतीपलीकडे, जिथून रूळ दिसत नाहीत, तिथे आम्ही गेलो. वर्दळ नव्हती. ते जवळ बसले. हात धरतील असं वाटलं, तेवढं मला चाललं असतं. खरं सांगायचं तर आवडलंही असतं. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. माझी जीभ टाळ्याला चिकटली. हातपाय गार पडले, उचलावेत म्हटलं तर उचलेनात. मी पाण्याकडे बघत राहिले. पाणी हलत नव्हतं. ते म्हणाले, 'चालंल ना गं?' मी काही बोलले नाही.

आणि माझ्या मागून, भिंतीच्या बाजूने, कुणीतरी 'हो' म्हणालं.

माझे ओठ मिटलेले होते. मला पक्कं आठवतं, कारण मी आतून ओठ चावला होता आणि रक्ताची चव आली होती. तो आवाज मी तिथे पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तो ऐकला की नाही मला ठाऊक नाही, पण ऐकल्यासारखे ते हसले. पुढचं लिहीत नाही. व्हायला नको होतं ते झालं, एवढं समज. परत येताना ते शीळ घालत होते आणि माझ्या मागून कुणीतरी माझ्याच चपलांच्या आवाजात चालत होतं.

मी नाही म्हटलं नाही, मावशी. ओरडले नाही, ढकललं नाही, पळाले नाही. साखरपुडा झालेला. तिथे मी माझ्या पायांनी गेले. मग जे झालं ते माझ्या मर्जीनेच झालं असं म्हणायचं का? आणि आता देवानेही उजवी दिली. देव हो म्हणतो, ते हो म्हणतात, माझ्या मागचं जे काय आहे तेही हो म्हणतं. मी एकटी नको म्हणून काय होणार?

मला त्यांच्या घरात जायचं नाही. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय, पण हात माझा आहे.

हिरू

*

मोहोपाडा, ५ जानेवारी १९८०

माझ्या हिरू,

पत्र वाचलं आणि दवाखान्याच्या मागे जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि लिहायला बसले.

आधी मुद्द्याचं. यात तुझा दोष तिळाएवढाही नाही. तू बरोबर गेलीस म्हणजे बाकीच्याला तयार होतीस असं होत नाही. साखरपुड्याने लग्न ठरतं, अंगावरचा हक्क मिळत नाही. आणि तो हक्क लग्नानेही मिळत नाही असं माझं मत आहे, कुणाला पटो न पटो. भीतीने अंग गोठतं हे मी आमच्या इथे येणाऱ्या बायकांत किती वेळा पाहिलंय. भाजलेली बाई ओरडत नाही म्हणून ती भाजली नाही असं कुणी म्हणतं का? मुंबईत सध्या बायका सभा भरवताहेत. पोरगी ओरडली नाही म्हणजे तिची संमती होती असं म्हणणाऱ्यांना जाब विचारताहेत. वर्तमानपत्रात येतंय, रेक्टरबाईंकडे येत असेल तर बघ.

तू गुरवाची मुलगी आहेस. मला एक सांग. तुझे बाबा कौल लावतात आणि कळी पडतच नाही, तेव्हा ते काय करतात? विचार करून लिही.

आता, तुला आधार कुठे मिळेल ते. सफुरा तुझ्या पाठीशी पाठ लावून बसते ना, तिथून सुरुवात कर. तिला सगळं सांगायला नको, पण तुला एकटीने हे वाहायलाही नको. रेक्टरबाई कडक आहेत असं तू म्हणतेस, पण मागे एका मुलीला घरचे मधूनच उठवून नेत होते तेव्हा त्या फाटकात उभ्या राहिल्या होत्या, हेही तूच मला लिहिलं होतंस. आमच्या डॉक्टरबाई तुला तपासतील. काय करायचं ते आधी सांगतील आणि तू थांबा म्हटलंस की थांबतील. त्यांना मी नाव न घेता विचारून ठेवलंय. पोलिसांत जायचं असेल तर मी बरोबर येईन. जायचं नसेल तर त्यावरून तुला कुणी बोलणार नाही. भगताकडे मात्र जायचं नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असला तो प्रकार.

तुझ्या बाबांना मी सांगू का? तुझं उत्तर आल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

तुझीच
मावशी

*

मोहोपाडा, १४ जानेवारी १९८०

हिरू,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर एकच शब्द आहे, 'हो'. ना तारीख, ना मायना, ना सही. अक्षर तुझं आहे. मात्रासुद्धा तुझीच. पण तू साधा निरोप लिहिलास तरी सफुराचा सलाम त्यात असतो. आणि या कार्डावर पोस्टाचा शिक्का नाही. पोस्टमन म्हणतो, त्याने आणलं नाही. सकाळी दवाखान्याचं दार उघडलं तर उंबऱ्याच्या आत पडलेलं होतं. ओलं होतं, आणि त्याला धरणाकाठच्या शेवाळाचा वास येत होता.

मी नर्स आहे, मला अशा गोष्टींवर विश्वास ठेवता येत नाही. पण ते कार्ड मी हातात धरू शकले नाही, हेही खरं.

हे 'हो' मी धरत नाही. तुझ्या बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. पुन्हा विचारते, सांगू का?

मावशी

*

कर्जत, १७ जानेवारी १९८०

प्रिय मावशी, नमस्कार आणि सफुराचा सलाम.

मी कार्ड टाकलेलं नाही.

तुझं पत्र वाचून माझ्या अंगावर काटा आला, आणि मग फार दिवसांनी बरं वाटलं. माझ्या मागच्या आवाजाने हो म्हटलं आणि कुणीतरी त्यावर थांबून मला पुन्हा विचारलं, असं आजवर झालं नव्हतं.

तू विचारलंस, कळी पडली नाही तर बाबा काय करतात. काही करत नाहीत. हात जोडतात आणि घरी येतात. मागे पाटलांना विहिरीसाठी कौल हवा होता. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या. ऊन चढलं तरी एकही हलली नाही. पाटील म्हणाले, 'गोमा, जरा पानी मार, सुटंल.' बाबा म्हणाले, 'पाटील, आपन पाडलेली कळी म्हंजी कौल नव्हं. देव बोलला नाय, म्हंजी नाय.' एवढ्या मोठ्या माणसाला त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवलं. आणि पेरणीचा कौल कापणीला चालत नाही, दर कामाला देवाला नव्याने विचारायचं. हे मी परकरात असल्यापासून बघते आहे. दगडाच्या देवाला जेवढी मुभा आहे तेवढी मला आहे, हे मला एकदाही सुचलं नाही.

आता उत्तर. बाबांना सांग. आईला बाबांनी सांगावं. पोलिसांचं मी अजून ठरवलेलं नाही, ठरवेन तेव्हा सांगेन. डॉक्टरबाईंकडे येईन, पण तू खोलीत हवीस. गजाननरावांना तू काही बोलू नकोस. ते मी बोलणार आहे. सफुराला कळलं आहे. रेक्टरबाईंकडे आम्ही दोघी गेलो होतो. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, 'तुला काय हवं ते सांग, मी काय करू ते मग ठरवू.' मला वाटलं होतं त्या नाव काढून टाकतील.

हे पत्र मी सफुरासमोर मोठ्याने वाचून पाकिटात घातलं आहे. वाचताना मागून कुणी बोललं नाही. पण सफुरा म्हणते, कुणीतरी ऐकत होतं.

हिरू

*

मोहोपाडा, २७ जानेवारी १९८०

चि. हिरू,

काल गावी गेले होते. भावोजी देवळाच्या पायरीवर फुलं निवडत होते. मी सांगितलं. मोजकंच, पण आडपडदा ठेवला नाही. त्यांनी परडी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'मी कौल लावला तो तारखंचा. अक्षय्यतृतीया चालंल का, येवढंच देवाला इचारलं. पोरीला इचारलं का, असं देवानं मला इचारलं असतं तर काय सांगणार व्हतो मी?' मग देवळात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

ताई रडली, भांडली. मोडलेल्या साखरपुड्याच्या पोरीला कोण करील, लोक तोंडात शेण घालतील, हे सगळं झालं. भावोजी एवढंच म्हणाले, 'पोर नाय म्हनली तर लगीन नाय. लोकांस्नी मी बघतो.' ताई आता गप्प आहे. ती अजून आपल्या बाजूला आलेली नाही, खोटं कशाला सांगू. येईल.

गजानन येत्या रविवारी कर्जतला येणार असं कारखान्यातून औषधाला आलेल्या एकाने सांगितलं. मी येऊ का?

मावशी

*

कर्जत, ४ फेब्रुवारी १९८०

प्रिय मावशी,

तू येऊ का विचारलंस, मी नको कळवलं, आणि तू आली नाहीस. त्याबद्दल तुला मोठा नमस्कार. सफुराचा सलाम आहेच.

काल ते आले. रेक्टरबाईंनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. त्या समोर, सफुरा माझ्या बाजूला. दुपारची वेळ, खिडकी उघडी होती. ते शिळफाट्याच्या बाजारातून साडी घेऊन आले होते. गुलाबी. मी ती घेतली नाही.

मी म्हटलं, पळसदरीला जे तुम्ही केलंत ते मला नको होतं. मला हे लग्न करायचं नाही.

ते आधी हसले. मग रेक्टरबाईंकडे वळून म्हणाले, 'बाई, घरच्यांनी भरवलंय तिला. तिची मर्जी व्हती.' आणि मला म्हणाले, 'हिरू, तूच सांग. तवा हो म्हनली व्हतीस का नाय?'

'हो.'

माझ्या मागून, अगदी कानाशी, गोड आवाजात. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. सफुराचा हात माझ्या हातात गार झाला. ते म्हणाले, 'बगा. आत्तासुदिक हो म्हनली.'

रेक्टरबाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, 'मी मघापासून तिच्या तोंडाकडे बघते आहे. तिचे ओठ हलले नाहीत. तुम्ही कुणाकडे बघत होतात?'

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. नीट, चेहऱ्याकडे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मी म्हटलं, 'नाही.' फार मोठ्याने म्हणता आलं नाही. पण घशातून आलं आणि दातांतून बाहेर गेलं, मला प्रत्येक टप्पा कळला. मग पुन्हा म्हटलं, 'नाही.' तिसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. तिसरीतली ती चिमुरडी बघत होती तसे.

साडी उचलून ते उठले. आम्ही खिडकीशी उभ्या राहिलो. फाटकाशी मंगळ्याने त्यांना विचारलं, 'निंगालाव काय?' ते काही बोलले नाहीत. पण 'हो' आलं. त्यांच्या मागून, माझ्या आवाजात. मंगळ्या चपापून इकडेतिकडे बघायला लागला. त्यांनी वळून वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. मी तिथेच होते, तोंड मिटून. मग ते भरभर चालायला लागले, आणि रस्ता रिकामा असूनही त्यांच्या मागे चपलांचा आवाज येत होता. स्टेशनच्या वळणापर्यंत आम्ही तो ऐकला.

संध्याकाळी हजेरीला रेक्टरबाईंनी माझं नाव घेतलं आणि थांबल्या. सगळ्या मुली थांबल्या. कुणी काही बोललं नाही. मी म्हटलं, 'हजर.' मग मला रडू फुटलं आणि ते बराच वेळ थांबेना. सफुराने थांबवायचा प्रयत्न केला नाही, त्याचं मला बरं वाटलं.

मावशी, मला आता त्यांची भीती वाटत नाही, राग येतो. तपासताना तुझ्यासमोर डॉक्टरबाई म्हणाल्या तसं हे एवढ्यात संपणार नाही. अजून पाण्याचा वास आला की अंग गोठतं. पोलिसांचं शनिवारी बाबांशी बोलून ठरवीन. त्यांनी निरोप धाडलाय, न्यायला येऊ का म्हणून. त्यांना नको म्हणून सांग. मी एकटी येईन.

तुझी
हिरू